हिबाने दाखवलेलं शहर

३ एप्रिल, गुरुवार. फुजैरा

पासपोर्ट आला. आत हंगेरीचा व्हिसा चिकटवलेला आहे. सत्तेचाळीस वर्षांत बाणकोट, मुंबई, आखातातलं हे फुजैरा आणि एकदा उमऱ्यासाठी मक्का-मदिना, एवढीच माझी दुनिया. आता एकदम बुडापेस्ट. आमची थोरली लेक हिबा तिथं डॉक्टरी शिकते. तिसरं वर्ष आहे. तिला तिच्या शहरात जाऊन बघायचं, असं मी आणि ह्यांनी दोन वर्षांपासून ठरवलेलं.

पण ह्यांची सुट्टी आज कॅन्सल झाली. टर्मिनलवर जहाजांची रांग लागलीय आणि दुसरा शिफ्ट सुपरवायझर गावाला गेलाय. मी म्हटलं, मग मीही नाही जात. हे म्हणाले, "तू जा. तिकीट आहे, व्हिसा आहे. माझ्या वाटचंही बघून ये."

ईदच्या खरेदीत ही वही घेतली होती. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. हे उर्दू शाळेतले आणि मुली इथल्या इंग्रजी शाळेतल्या. घरात ही कुणालाच वाचता येणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहायचं ठरवलंय. खरं लिहायचं तर एकटीनं जायची मला भीती वाटते.

५ एप्रिल, शनिवार

ह्यांच्या छातीत पुन्हा जळजळ झाली. जिना चढून आले आणि सोफ्यावर बसून राहिले. क्लिनिकच्या डॉक्टरनं रमजानच्या आधीच सांगितलं होतं की हृदयाची तपासणी करून घ्या. हे जात नाहीत. म्हणतात, "घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला फिरायचं?"

मग हिबाला व्हिडिओ कॉल. ह्यांनी लक्षणं सांगितली. ती म्हणाली, "अब्बा, नेटवर्क नीट नाहीय, पाच मिनिटांत करते." पाच मिनिटांनी तिचाच फोन आला. कधी दुखतं, किती वेळ, चालताना की जेवल्यावर, सगळं एकामागून एक विचारलं आणि म्हणाली की टेस्ट करूनच घ्या, टाळू नका. हे माझ्याकडे बघून हसले. "ऐकलंस? कशी बोलते." टेस्टचं काही बोलले नाहीत. जुन्या रिपोर्टांची फाइल मात्र माझ्या बॅगेत टाकली, हिबाला दाखवायला.

शेजारचे हनीफभाई आले होते तेव्हा ह्यांनी पुन्हा तेच सांगितलं, की पोरीला दुसऱ्या वर्षापासून स्कॉलरशिप मिळाली, आमच्याकडून फी पण घेत नाही. मी चहा देताना ऐकत होते. ही गोष्ट सांगताना ह्यांचा आवाज नेहमी थोडा वाढतो.

धाकटी अरफा अकरावीत आहे. बॅग भरताना माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "अम्मी, जस्ट सी व्हॉट शी शोज यू, ओके? डोन्ट पुश." मी म्हटलं, मी कशाला पुश करू? ती उठून गेली. या वयात मुली अशाच विचित्र वागतात.

८ एप्रिल, मंगळवार. बुडापेस्ट

पोचले. हिबा बाहेर उभी होती. बारीक झालीय. गळ्यात पडून रडली, एवढी की मलाच तिला सावरावं लागलं. चेहरा उन्हानं रापलाय. मी म्हटलं, "हॉस्पिटलच्या आत ऊन लागतं का गं?" ती म्हणाली, "अम्मी, इथलं ऊन वेगळं असतं."

घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या. दुसऱ्या खोलीत नबिला राहते. शारजात वाढलेली, मूळची हैदराबादची, हिबाच्याच वर्गातली. तिच्या टेबलावर जाडजूड पुस्तकं आणि प्लॅस्टिकची कवटी. हिबाच्या टेबलावर नकाशे आणि राजेराण्यांची पुस्तकं. मी विचारलं, तुझी पुस्तकं कुठं? म्हणाली, टॅबवर आहेत सगळी. नबिला चहा ढवळत होती, ती ढवळतच राहिली.

फाइल दिली. हिबानं ती उघडली नाही, पण झोपायच्या आधी नबिलाच्या खोलीत घेऊन गेली. दोघी मिळून बघत असतील. मला बरं वाटलं. दोन डॉक्टर बघणार.

९ एप्रिल, बुधवार

आज गडावर गेलो. शहर नदीच्या दोन काठांवर आहे. एका काठावर डोंगर आणि राजवाडा, तो बुडा. दुसऱ्या काठावर सपाटी, ते पेस्ट. हिबा म्हणाली, दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत ही दोन वेगळी गावं होती, मग लग्न लागलं आणि आडनाव एक झालं. मला हसू आलं.

पुलाच्या तोंडाशी दगडी सिंह आहेत. लोक म्हणतात की कारागीर त्यांच्या जिभा करायला विसरला. हिबा म्हणाली, "जिभा आहेत अम्मी. खालून दिसत नाहीत एवढंच."

वर पांढरे बुरूज आहेत, सात. प्रत्येक बुरूज एकेका टोळीच्या सरदाराचा. तिथून खाली नदी दिसली तेव्हा मी कठडा धरून बघतच राहिले. एवढी मोठी नदी शहराच्या मधून वाहते आणि लोक बाकावर बसून आइस्क्रीम खातात. हे असते तर काय म्हणाले असते ते मनात येत राहिलं.

एक गोष्ट लक्षात आली. हिबा मला नेहमी सावलीत उभी करते आणि स्वतः उन्हाकडे तोंड करते. पायऱ्या आल्या की आधी सांगते. मला दम लागला की नेमकी तेव्हाच थांबून गोष्ट सुरू करते. एवढी माया कधी शिकली? लहानपणी तर माझा हात सोडून पुढे पळायची. आजूबाजूची दोन-तीन माणसंही तिचं ऐकत उभी राहिली होती. तिनं त्यांनाही इंग्रजीत सांगितलं.

मी म्हटलं, "इतका इतिहास कधी वाचतेस? अभ्यास असतो ना?" ती नदीकडे बघत म्हणाली, "वेळ मिळतो."

बारावीत ती इतिहास घ्यायचा म्हणत होती ते आठवलं. आम्ही काही जबरदस्ती केली नाही. हे फक्त म्हणाले होते की मेलेल्या राजांनी कुणाचं पोट भरत नाही, आणि मी दोन दिवस जेवले नव्हते. मग तिनंच स्वतःहून मेडिकलचा फॉर्म भरला.

१० एप्रिल, गुरुवार

मन थाऱ्यावर नाही.

सकाळी पार्लमेंट बघायला गेलो. आत सोन्याची नक्षी, लाल गालिचे आणि मध्ये काचेत ठेवलेला मुकुट. त्याच्या टोकावरचा क्रॉस वाकडा आहे. हिबानं का ते सांगितलं, मी विसरले, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. दारावरचा गार्ड तिला नावानं ओळखत होता. हसून म्हणाला, "डे ऑफ?" तिनं मान हलवली.

बाहेर आलो तर पिवळी छत्री घेतलेला एक गोरा मुलगा "हिबा, हिबा" करत धावत आला. पंचवीसेक वर्षांचा, दाढीवाला. दोघं भराभर बोलले. मला एवढंच कळलं, "टुमॉरो, थ्री ओ'क्लॉक, प्लीज." हिबा माझ्याकडे बघून नाही नाही म्हणत होती. त्यानं हात जोडले, हसला आणि गेला. पलीकडे चौकात वीसेक माणसं त्याची वाट बघत होती, ती त्याच्या छत्रीमागून निघाली.

मी विचारलं, कोण? "बेन्से. फ्रेंड आहे."

परक्या मुलखात एकटी मुलगी. मला आधीच कळायला हवं होतं. बारीक होणं, रडणं, अरफाचं ते बोलणं. ह्यांना काय सांगू? फोनवर म्हटलं, सगळं छान आहे. ह्यांचाही आवाज थकलेला वाटला. विचारलं तर म्हणाले डबल शिफ्ट झाली.

११ एप्रिल, शुक्रवार

हिबा मला गुल बाबांच्या दर्ग्यावर घेऊन गेली. इतक्या लांब, या थंडीच्या मुलखात, पावणेपाचशे वर्षांपूर्वी आलेल्या एका फकिराची कबर. टेकडीवर चढणारी दगडी गल्ली, आजूबाजूला गुलाबाची झाडं, अजून फुलं नव्हती. मी फातिहा पढले. डोळे उघडले तर हिबा भिंतीला टेकून रडत होती.

मला वाटलं आता सांगेल. मी जवळ बसले आणि म्हटलं, "तो बेन्से कोण आहे, खरं सांग. मी अब्बांना लगेच सांगणार नाही."

ती आधी समजलीच नाही. मग रडता रडता हसायला लागली. "अम्मी, नाही. तसं काही नाही. तसं असतं तर बरं झालं असतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही."

"मग उद्या मला तुझं कॉलेज दाखव. तू जिथं बसतेस ती जागा. अब्बांनी फोटो मागितलाय."

ती म्हणाली, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. मी म्हटलं, गेटवरून दाखव. म्हणाली, बघू. मग उठून माझ्या बुटांची नाडी बांधली, उतारावर पाय घसरू नये म्हणून.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला, जळजळ वाढलीय. हिबा फोन घेऊन नबिलाच्या खोलीत गेली. तिथं नेटवर्क चांगलं असतं म्हणे. भिंत पातळ आहे. हिबाचा आवाज येत होता आणि मध्येमध्ये नबिलाची कुजबूज. बाहेर आली तेव्हा पांढरी पडली होती. "अम्मी, अब्बांना उद्याच्या उद्या हॉस्पिटलला जायला सांग. माझं ऐकत नाहीत. तू सांग."

मी सांगितलं. हे म्हणाले, हो, उद्या ड्युटी संपली की बघतो, इन्शाल्ला.

१२ एप्रिल, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

बारा वाजत आले होते. नबिला सकाळीच वर्गातल्या मुलींबरोबर बाहेरगावी गेली होती. आम्ही दोघी नदीकाठच्या ट्रामच्या स्टॉपवर उभ्या होतो. ह्यांचा फोन आला, हिबाच्या मोबाइलवर. तिनं स्पीकर लावला. फुजैराला तेव्हा दोन वाजत आले होते.

हे म्हणाले, "बेटा, जरा घाम येतोय. डावा हात जड झालाय. एखाद्या गोळीचं नाव सांग, अरफा खाली फार्मसीतून आणेल. चारला ड्युटी आहे."

हिबा म्हणाली, "अब्बा, गोळी नाही. हॉस्पिटल. आत्ता."

"अगं घाबरतेस काय, डॉक्टरीणबाई. गॅस असेल. नाव सांग."

"अब्बा, प्लीज."

"तू तिसऱ्या वर्षाची डॉक्टर आणि एका गोळीचं नाव येत नाही?" हे हसले. हसताना धाप लागली ते मला ऐकू आलं.

हिबानं फोन दोन्ही हातांत धरला होता. ट्राम आली, दारं उघडली, मिटली, गेली. मग ती सावकाश बोलली, एकेक शब्द वेगळा करून.

"अब्बा, मला गोळीचं नाव माहीत नाही. मी डॉक्टर होत नाहीये. अ‍ॅनाटॉमीत दोनदा नापास झाले. दीड वर्षापूर्वी कॉलेज सोडलं. तुम्हाला जे जे सांगायचे ते नबिलाला विचारून सांगायचे. आज नबिला इथं नाही. आज मी जे सांगेन ते चुकेल, आणि तुम्हाला काही झालं तर ते माझ्यामुळं होईल. मी खोटं बोलले. हॉस्पिटलला जा."

 मला वाटलं फोन कट झाला. मग हे म्हणाले, "अम्मीला दे."

मी घेतला.

"काय म्हणतेय ती?"

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "तुम्ही जा. आधी जा."

त्यांनी फोन ठेवला. हिबानं तोवर माझ्या मोबाइलवरून अरफाला लावला होता. "अरफा, लिसन. अ‍ॅम्ब्युलन्सला नाइन नाइन एट लाव. हनीफ अंकलला बोलाव. अब्बांना चालू देऊ नको, बसवून ठेव. दार उघडं ठेव." तिचा आवाज बिलकूल कापत नव्हता.

मग आम्ही बाकावर बसलो. चाळीस मिनिटं. किती ट्रामी गेल्या देव जाणे. लोक नदीचे फोटो काढत होते. हिबा म्हणाली, "अम्मी, काहीतरी बोल."  मी तिच्यापासून हातभर सरकून बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण सरकले.

अरफाचा मेसेज आला, ही इज इनसाइड, डॉक्टर्स आर विथ हिम.

तेव्हा हिबानं सगळं सांगितलं. टुरिझमच्या कोर्सला नाव घातलंय, व्हिसा त्यावर आहे. कोर्सचे तास सांभाळून प्रवाशांना शहर फिरवते. बेन्से तिच्याबरोबर तेच काम करतो, त्याला कालची तीनची टूर तिनं घ्यायला हवी होती. स्कॉलरशिप वगैरे काही नव्हती, आमच्याकडून डॉक्टरीच्या नावाखाली फी घ्यायची नव्हती म्हणून तसं सांगितलं.

चार दिवस मी ज्याला माया समजत होते ते तिचं रोजचं काम होतं. की दोन्ही होतं? मला आज काही कळत नाही.

१३ एप्रिल, रविवार. विमानतळ

ह्यांच्या हृदयाची एक नळी बंद होती, ती उघडून स्टेंट घातला. शुद्धीवर आहेत. हनीफभाईंनी फोनवर आवाज ऐकवला. "ये," एवढंच म्हणाले.

हिबा यायला निघाली होती. मी थांबवलं. म्हटलं, तुला बघून त्यांना काय होईल सांगता येत नाही. ती आत सोडतात तिथपर्यंत आली आणि माझी बॅग माझ्या खांद्यावर नीट करून दिली. मी तिला जवळ घेतलं. पण काल बाकावर मी सरकले ती हातभर जागा भरून निघेल का?

१६ एप्रिल, बुधवार. फुजैरा

हॉस्पिटलमध्येच असते दिवसभर. डॉक्टर केरळचे आहेत, हिंदी बोलतात. म्हणाले, "टाइम पे लाए. एक-दो घंटा और होता तो हम लोग ये बात नहीं कर रहे होते." हे पलंगावर पडून ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर मला वाटलं काही म्हणतील. छताकडे बघत राहिले.

हिबा दिवसातून चारदा मला फोन करते. ह्यांच्यासमोर नको म्हणून मी बाहेर जाऊन बोलते.

२० एप्रिल, रविवार

घरी आणलं. दुपारी हनीफभाई आणि त्यांची बायको भेटायला आली. हनीफभाईंनी विचारलं, "वलीमियाँ, डॉक्टर बेटीचा फोन येतो ना रोज? तिनंच ओळखलं म्हणे तिकडून?"

अरफानं त्यांना त्या दिवशी एवढंच सांगितलं असणार. मी ट्रे धरून उभी. हे म्हणाले, "येतो." पुढे काही नाही. त्यांनी खोटं सांगितलं नाही आणि खरंही सांगितलं नाही. मीही सरबत ठेवून आत आले.

अरफा ओट्याजवळ उभी होती. मी तिला धरलं. "तुला ठाऊक होतं?"

"सिन्स लास्ट इयर."

"मग मला का नाही सांगितलं?"

ती हळू म्हणाली, "बिकॉज यू वुड हॅव स्टॉप्ड ईटिंग, अम्मी. अँड देन शी वुड हॅव गॉन बॅक."

मी तिच्यावर हात उगारणार होते. उगारला नाही. कोथिंबीर निवडायला घेतली आणि अर्धी जुडी चांगली पानंच टाकून दिली.

२२ एप्रिल, मंगळवार

आज ह्यांनी पहिल्यांदा विषय काढला. मी गोळ्या देत होते. म्हणाले, "दीड वर्ष मी टर्मिनलवर सगळ्यांना सांगत फिरलो." एवढंच. मग पाणी प्यायले.

मी म्हटलं, "तिनं सांगितलं नसतं तर तुम्ही गेला नसता."

"ठाऊक आहे," म्हणाले. "म्हणून तर रागही धड करता येत नाही."

२७ एप्रिल, रविवार

सकाळी त्यांना बाल्कनीत बसवलं. लांब समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात, ती मोजत होते. एकाएकी म्हणाले, "तिथं काय काय बघितलंस?"

परत आल्यापासून मला कुणीच हे विचारलं नव्हतं. मी गडाचं सांगितलं, पार्लमेंटचं सांगितलं, गुल बाबांचं सांगितलं. नदीचं सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"बार्ज चालतात त्या नदीत?"

"चालतात. माल भरलेले मोठमोठे बघितले."

"पाणी किती?"

"ते मला काय ठाऊक. हिबाला विचारू?"

हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मी फोन लावला आणि स्पीकर केला. "अब्बा विचारतायत, नदीला पाणी किती असतं."

आणि मी फोन ह्यांच्या हातात दिला. मग हिबा म्हणाली, "अब्बा, जागेप्रमाणं बदलतं. उन्हाळ्यात कधी इतकं उतरतं की काठाजवळचा एक खडक वर येतो. त्याला दुष्काळाचा खडक म्हणतात. तो दिसला की लोक समजतात पाणी कमी झालं."

"मग बार्ज काय करतात?"

"अर्धाच माल भरून जातात. नाहीतर बूड टेकतं."

"बरोबर," हे म्हणाले. जहाजाचं बोलणं निघालं की त्यांचा आवाज कामावरचा होतो. "हे कुणी शिकवलं?"

"टूरला एक म्हातारे गृहस्थ आले होते. चाळीस वर्षं बार्जवर होते. त्यांनी." मग म्हणाली, "जूनमध्ये माझी गाइडच्या लायसन्सची परीक्षा आहे, अब्बा."

हे पुन्हा जहाजं मोजायला लागले. मला वाटलं आता फोन परत देतील. म्हणाले, "पास झालीस तर सांग. नापास झालीस तरी सांग."

"हो अब्बा."

मग फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले ऊन आलं, आत घे.

२९ एप्रिल, मंगळवार

वाटलं होतं आता सगळं सुरळीत होईल. काल हिबाचा फोन आला तर हे बाथरूममध्ये गेले आणि फोन संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. हनीफभाईंना अजून काही सांगितलेलं नाही. टर्मिनलवरून कुणी भेटायला येणार म्हटलं की ह्यांना झोप येते.

आज दुपारी तिचा फोन आला तेव्हा हे पलंगावर डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, श्वासावरून कळतं मला. हिबा आजच्या टूरचं सांगत होती, एका म्हातारीनं तिला गडावर चालायला हात मागितला त्याचं. मी स्पीकर चालूच ठेवला. ह्यांनी कूस बदलून पाठ फिरवली नाही.